खाणीच्या आधी विहिरींची वही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणात खाणीचा प्रस्ताव आला की कंपनीची माणसं आधी देवळाच्या सभामंडपाची फरशी, शाळेचे संगणक, जत्रेची वर्गणी यांची चौकशी करतात. गाव हे सगळं घेतं आणि विश्वास मात्र ठेवत नाही. कारण गावाचा खरा प्रश्न असतो की मे महिन्यात विहिरीला पाणी राहील का. त्याचं उत्तर मोजून ठेवलेल्या आकड्यांतूनच मिळतं आणि ते आकडे जमवायची वेळ पहिलं मशीन सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, चढण्याआधीची असते.

आपल्या सड्यावरचा जांभा सच्छिद्र आणि त्याखाली चिकणमातीचा थर. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, मातीवर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यावाटे बाहेर पडतं. वाड्या वसल्या आहेत त्या याच पाण्याच्या आधाराने. बॉक्साइट हा त्याच जांभ्याच्या टोपीचा भाग, त्यामुळे तो काढला की पाणी साठायची जागाच जाते. लोहखनिजाच्या खाणीत वेगळं घडतं. खड्डा भूजलपातळीच्या खाली उतरला की तो कोरडा ठेवायला पंप लावावे लागतात आणि आसपासच्या विहिरींचं पाणी खड्ड्याकडे उतरतं. मग गाव म्हणतं खाणीमुळे पाणी आटलं, कंपनी म्हणते यंदा पाऊसच कमी होता. जुनी नोंद कुणाकडेच नसते, म्हणून हा वाद वर्षानुवर्षं मिटत नाही.

खाणीच्या मंजुरीसाठी लागणाऱ्या पर्यावरण आघात अहवालासाठी पावसाळा सोडून एका ऋतूची मोजणी चालते. तो ऋतू हिवाळा असेल तर विहिरी भरलेल्या दिसणारच. कोकणात मोजायला हवं ते मार्च ते मे दर पंधरवड्याला आणि उरलेलं वर्षभर महिन्यातून एकदा, तेही खाण सुरू होण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाची कायमची खूण करावी आणि तिथूनच फितीने मोजावं. वेळ पहाटेची, पंप सुरू होण्याआधीची. दुपारी उपसा झाल्यावर घेतलेला आकडा निरुपयोगी असतो, आणि बहुतेक नोंदी इथेच बिघडतात. मे महिन्यात एकदा विहीर उपसून ती पूर्ववत भरायला किती तास लागतात हेही लिहावं. पातळी तीच राहिली तरी झरा मंदावला असेल, तर तो या तासांत पकडला जातो.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खाणीपासून दूरच्या, दुसऱ्या वहाळाच्या (ओढ्याच्या) खोऱ्यातल्या चार-पाच विहिरीही तुलनेसाठी त्याच दिवशी मोजाव्यात आणि ग्रामपंचायतीच्या आवारात पर्जन्यमापक बसवावा. पाऊस कमी झाला तर दोन्हीकडच्या विहिरी उतरतील. फक्त खाणीकडच्या उतरल्या तर कारण शोधायला समिती नेमावी लागत नाही. मोजताना वाडीतला एक माणूस, ग्रामसेवक आणि कंपनीचा भूवैज्ञानिक असे तिघे हजर हवेत. तिघांच्या सह्या आणि वहीच्या तीन प्रती. वाडीची प्रत वाडीतच राहावी.

पातळी किती उतरली की कंपनीने काय करायचं, हेही आधीच लिहून ठेवावं. आमच्या मते तुलनेच्या विहिरींपेक्षा एक मीटर जास्त उतरली की अर्ज-विनंतीविना ४८ तासांत पाणी पोचलं पाहिजे. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने दोनशे माणसांच्या वाडीला रोज ११ हजार लिटर लागतात. पण सुपारीचं एक झाड ठिबकवरही दिवसाला १५ ते २० लिटर पितं. पाचशे झाडांची बाग म्हणजे आणखी एक टँकर. भरपाईत बागायत धरत नाहीत आणि राग नेमका तिथे साठतो.

पावसाळ्यात पाण्याचा त्रास उलटा असतो. दहा हेक्टर उघड्या जमिनीवर दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला सत्तर टक्के वाहिला, तर १४ हजार घनमीटर लाल पाणी खाली येतं. ५० मीटर लांब, २० रुंद आणि ३ खोल असं गाळतळं (पाण्यातला गाळ खाली बसवायचं तळं) त्यातलं जेमतेम पाचवा हिस्सा धरतं. शिवाय जांभ्याची बारीक माती काही तासांत खाली बसत नाही. एकामागे एक अशी तळी हवीत आणि एक भरलं तर गाळ काढेपर्यंत दुसरं मोकळं हवं, नाहीतर जुलैअखेर तळं गाळानेच भरतं आणि पुढचा चिखल थेट भातात जातो. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे इथे जुलै २०२१ मध्ये खाणीतलं पाणी फुटून खाली गेलं, ते जिल्हा विसरलेला नाही. तळ्यांची आणि बांधांची पाहणी मे महिन्यात गावकऱ्यांना बरोबर घेऊन व्हावी.

धुळीबद्दल थोडक्यात: आंब्याचा मोहोर असतो त्या काळात डंपरवर ताडपत्री आणि रस्त्यावर दिवसातून अनेकदा पाणी हवंच.

कंपन्यांची आणखी एक चूक म्हणजे डंपरमालकांचा पाठिंबा हा गावाचा पाठिंबा समजणं. ज्याला वाहतुकीचं काम मिळतं त्याची विहीर बहुधा आटणारी नसते. तीच गोष्ट सामाईक सातबाऱ्याची. निम्मे हिस्सेदार मुंबईला असताना दोघा-तिघांकडून सह्या घेतल्या की जमीन मिळते आणि भावकी फुटते. जनसुनावणीची सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते, पण ते ३० दिवस लावणीचे असतील तर शेतकरी येणार कसा? कोणत्याही कंपनीला चाकरमानी गावी असतात अशा गणपतीनंतरच्या किंवा मे महिन्यातल्या दिवसांत ग्रामसभा मागता येते. जनसुनावणी त्यानंतर व्हावी.

पैशाचा प्रश्न पुढे करू नये. खाणबाधितांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जुन्या खाणपट्ट्यांतून स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांतून १० टक्के रक्कम मिळते. तो निधी कायद्याने बाधितांचाच आहे. त्यातून झालेल्या कामावर कंपनीने आपला फलक लावू नये. पाण्याचा गढूळपणा, लोह आणि सामू (पीएच) यांची तपासणी मे आणि जुलै असं वर्षातून दोनदा या निधीतून सहज होईल. पण खाण सुरू होण्याआधीच्या वर्षाचा, म्हणजे फिती, पर्जन्यमापक आणि नमुने यांचा खर्च कंपनीने करावा. जिल्हाधिकाऱ्यांनी ही वही खाणपट्ट्याची अट म्हणून घालावी, आणि वाडीच्या प्रतीत वर्षभराच्या नोंदी भरल्याशिवाय खोदकामाला परवानगी देऊ नये.

— भूजल आणि खाणकाम क्षेत्रातील काही वाचक, सिंधुदुर्ग