मेस्त्रीकाका, बेअरिंग निर्दोष होतं

ती. स्व. मेस्त्रीकाकांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोन नुसता कानाला लावता, त्यात काही वाचत नाही, हे ठाऊक आहे. नातू वाचून दाखवेल. तरी हे चारचौघांत लिहितोय, कारण माझ्यासारखे लाकूड कातणारे शनिवार-रविवारचे कातारी आता बरेच झालेत आणि त्यांतला कुणीतरी आज रात्री नवीन बेअरिंग मागवायच्या बेतात असणार. त्याने पैसे भरायच्या आधी हे वाचावं.

दीड महिना माझ्या लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, एक वाडगा धड उतरला नव्हता. बाहेरची बाजू छान व्हायची. बुडाला चकसाठी, म्हणजे लाकूड पकडणाऱ्या चार जबड्यांच्या पकडीसाठी, खुंट काढायचा, वाडगा उलटा करून चकमध्ये धरायचा, की काठ डुगडुगायला लागलाच. पटाशी टेकवली की टक् टक् टक्, प्रत्येक फेऱ्याला एक टोला. आतून पोखरत गेलं की एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ. एकदा तर पातळ बाजूने पटाशी आरपार गेली आणि अर्धा वाडगा भिंतीवर जाऊन आपटला.

मग मी शहाण्यासारखं हेडस्टॉक, म्हणजे लेथचा फिरवणारा डोक्याकडचा भाग, उघडलं. दोन्ही 6206 नंबरची बेअरिंग ठोकून काढली, नवी बसवली, पट्टाही बदलला. डुगडुग जशीच्या तशी. आमच्या बँकेच्या ब्रँचमधल्या शिपायाने तुमचं नाव सुचवलं, तेव्हा मी खरं तर स्पिंडलच, म्हणजे चक ज्यावर बसतो तो फिरता दांडाच, नवीन करून घ्यायच्या विचारात होतो.

रविवारी सावंतवाडीहून सकाळच्या एसटीने तुम्ही कुडाळला उतरलात. हातात कापडी पिशवी, त्यात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं डायल, म्हणजे बारीकसा फरकही दाखवणारं काट्याचं मापयंत्र. मी बेअरिंगचं पुराण सुरू केलं आणि तुम्ही चहाची बशी खाली न ठेवता विचारलंत, "काढून परत लावल्यार हलता, की न काढताच हलता?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही समजावलंत आणि मी दीड महिना कुठे वाया घालवला ते बसल्या जागी उमगलं. चक तिरका बसला असला तरी त्यात पहिल्यांदा धरून कातलेलं लाकूड गोलच उतरतं, कारण पटाशी त्याला फिरत्या अक्षाभोवतीच कापते. तिरकेपणा दिसतो तो काढून परत लावल्यावर किंवा उलटा धरल्यावर. पण चकमधून काढलंच नाही आणि तरी हलायला लागलं, तर दोष दुसरीकडे असतो: बेअरिंगमध्ये ढिलेपणा, पुलीचा सैल स्क्रू, नाहीतर खुद्द लाकूड. एका प्रश्नात अर्धं मशीन बाद झालं. माझ्याकडे दोन्ही प्रकार होते हे नंतर कळलं, पण ते पुढे.

तुम्ही आधी प्लग उपटून माझ्या हातात दिलात. मग स्पिंडलच्या पुढच्या टोकाखाली लाकडाची पट्टी घालून वर उचलून पाहिलंत. डायलचा काटा जागचा हलला नाही. "बेअरिंगाक कित्याक गाळी घालतस?" मग स्पिंडलच्या आतल्या निमुळत्या भोकाला (टेपरला) डायल लावलं, हाताने सावकाश फिरवलं. एक घर. म्हणजे 0.01 मिमी. तुम्ही त्याला स्पिंडल म्हणतच नाही, चाती म्हणता. मुंबईत गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतात तेव्हाचा शब्द. सूत कातायच्या एकेका रिंगफ्रेमवर शेकड्यांनी चात्या, त्यातली एक लचकली की तिच्यावरचा धागा सारखा तुटायचा आणि तुम्हाला बोलावणं यायचं. 1982 च्या संपानंतर गावी परतलात, चितारआळीतल्या दुकानांसाठी खेळणी कातायला बसलात, पण चातीवरचा कान तसाच राहिला. हे सगळं तुम्ही काट्यावरची नजर न काढता सांगत होतात.

आणि मग खांदा. आटे संपतात तिथे स्पिंडलला जो सपाट गोल खांदा असतो, चक ज्याला टेकून बसतो, त्यावर डायल. काटा शांत, शांत, शांत, आणि एका जागी टुणकन सहा घरं वर. तुम्ही तिथे अंगठ्याचं नख फिरवलंत. मलाही फिरवायला लावलंत. नख अडकलं. डोळ्यांना दिसत नव्हता असा एक कंगोरा.

"हयसर कोणी मारल्यान?"

मी भिंतीवर टांगलेल्या पान्याकडे बघितलं. श्रावणात एकदा चक घट्ट अडकला होता. माझा संयम सुटला होता. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

सहा घरं म्हणजे 0.06 मिमी, ती काय मोजायची, असं मला वाटलं. तुम्ही सिमेंटच्या फरशीवर खडूने आकृती काढलीत. खांदा साधारण 45 मिमी व्यासाचा. त्याच्या एका कडेला 0.06 चा खडा आला की 250 मिमीच्या वाडग्याच्या काठावर त्याचं 0.33 होतं. माझी टक्-टक् तीच होती. फरशीवरची ती आकृती बायकोने अजून पुसू दिलेली नाही.

तुम्ही शाई मागितलीत. आमच्या घरात स्टॅम्प पॅडला काय तोटा? खांद्यावर पातळ शाई फासून चक लावला, काढला. शाई फक्त एका ठिपक्यावर पुसली गेलेली, बाकी सगळी तशीच ओली. पूर्ण चक त्या एका ठिपक्यावर टेकत होता. मग तेल लावलेला बारीक दगड, तोही सपाट धरून, अगदी चार-पाच वेळा. "वर इला तेवढाच काढूचा. खड्डो भरूक जाव नको." पुन्हा शाई, पुन्हा चक. या वेळी शाई सगळीकडून पुसली गेली होती. जुन्या टूथब्रशने आट्यांतला भुसा काढलात, चकचे जबडे काढून एक ते चार आकड्यांप्रमाणे परत बसवलेत (माझे दोन अदलाबदल झालेले होते, ते इथे लिहायचं नव्हतं, पण लिहितो). खुंटाकडे बघून म्हणालात, हा चकच्या तळाला टेकतोय, तो टेकता कामा नये, खुंटाभोवतीचा वाडग्याचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडावर बसला पाहिजे. दोन मिमी छाटायला लावलात.

दहा इंची वाडगा, मिनिटाला 700 फेरे. पटाशी लावली. टक्-टक् नाही, नुसता सळसळ आवाज आणि फितीसारखा भुसा. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही बिस्किट चहात बुडवत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला फोन केला, तो आठवतो ना? अर्धा कातलेला वाडगा रात्रभर चकमध्येच होता, हात लावला नव्हता, आणि काठ पुन्हा हलत होता. माझा आवाज रडवेला झाला होता. तुम्ही विचारलंत, लाकूड कसलं? फणस. कधी तोडलेला? गेल्या महिन्यात. तुम्ही खो-खो हसलात. ओला फणस रात्रीतून लंबगोल झाला, चातीने काय करावं? वर्षवलयांच्या कडेने लाकूड जेवढं आकसतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास ते गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने आकसतं. गोल राहील कसं? आधी जाड कातून ठेव, दहा इंचांना एक इंच भिंत, लाकडाच्या रेषा जिथे आडव्या तुटतात त्या बाजूंना मेण लाव, कागदाच्या पिशवीत भुशात पुरून विसर. आपल्याकडे पाऊस संपल्याशिवाय त्याची आठवणसुद्धा काढू नको, म्हणालात. मी आठ वाडगे तसे पुरलेत. रोज एकदा उघडून बघतो, ते मात्र सांगणार नव्हतो.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. एसटीचं तिकीटसुद्धा नाही, वर पिशवीतून आमच्यासाठी कोकमं काढून दिलीत. माझी जुनी बेअरिंग मात्र मागून नेलीत. "चांगली आसत ही," म्हणालात, आणि ती तशी होतीच.

काका, तुमचं डायल माझ्याकडेच राहिलंय, त्याच बनियनमध्ये. विसरलात म्हणून कळवलं, तर "रवांदे" म्हणून फोन ठेवलात. रोज चक लावायच्या आधी खांद्यावर नख फिरवतो. पान्याचा खिळा मी भिंतीवरून काढून टाकलाय. दिवाळीच्या सुमारास पहिला सुकलेला वाडगा घेऊन सावंतवाडीला येतो. डायल तेव्हा आणू की नको, ते सांगा.

तुमचा,
कुडाळचा बँकवाला