बोलिव्हियाच्या प्रवासलेखांत उंचीचीही माहिती हवी

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीतील दूरदेशांवरचे लेख मी नेहमी आवडीने वाचते. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाचे नाव आले, की अशा लेखांत आरशासारखे लखलखणारे मिठाचे मैदान हमखास भेटते. मात्र त्या देशातील बहुतेक त्रासांचे आणि बहुतेक आनंदांचेही मूळ असलेली गोष्ट, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, एखाद्या ओळीत उरकली जाते. अलीकडेच पतीसोबत हा देश फिरून आल्यावर ही उणीव प्रकर्षाने जाणवली, म्हणून हे पत्र.

ला पाझला जाणारे विमान एल आल्तो या लगतच्या शहरात, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर उतरते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असल्याने प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. सामान घेऊन दारापर्यंत जाताना धाप लागते, डोके ठणकू लागते, अन्नावरची वासना उडते आणि रात्री डोळा लागतो न लागतो तोच श्वास कोंडल्यासारखा होऊन जाग येते. रोज पळायला जाणाऱ्या धडधाकट तरुणालाही हा त्रास होऊ शकतो, कारण शरीर विरळ हवेला सरावण्याचा आणि तंदुरुस्तीचा फारसा संबंध नाही. त्यावर खरा उपाय एकच, सावकाश चढणे. सुमारे ४०० मीटरवरील सांता क्रूझला उतरावे, तेथून २,८०० मीटरवरील सुक्रे या पांढऱ्याशुभ्र, टुमदार शहरात काही दिवस राहावे आणि मगच वर जावे. आम्ही याच क्रमाने गेलो आणि त्याचा फार उपयोग झाला. कोकाच्या पानांचा चहा तेथे जागोजागी मिळतो व त्याने बरेही वाटते. मात्र ही पाने बोलिव्हियात कायदेशीर असली, तरी इतर बहुतेक देशांत ती नेणे गुन्हा आहे, हे वाचकांना बजावून सांगायला हवे.

आता याच उंचीने दिलेले सुख सांगते. उयुनीचे मिठाचे मैदान सुमारे ३,६५० मीटर उंचीवर असून त्याचा विस्तार १०,००० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. कोरड्या ऋतूत तेथे पाण्याचा आरसा नसतो, पण त्याची हळहळ वाटू नये असे काही पायांखालीच असते. मीठ सुकताना त्याचे बहुकोनी तुकडे पडतात आणि त्यांच्या कडा वर उचलल्या जातात. गुडघ्यांवर बसून त्या कडेवरून बोट फिरवले, तेव्हा ती खरखरीत आणि ठिसूळ लागली, आणि मान वर केली तर तीच नक्षी क्षितिजापर्यंत पसरलेली होती. हवा इतकी स्वच्छ, की दूरचे डोंगर हाकेच्या अंतरावर वाटतात. रात्री मात्र पारा शून्याच्या बराच खाली जातो. आमच्या मुक्कामाच्या साध्या घरात खोली उबदार ठेवण्याची सोय नव्हती आणि सकाळी उशाशी ठेवलेल्या बाटलीतले पाणी गोठलेले होते. तरीही पहाटे त्या थंडीत बाहेर उभे राहून पाहिलेले तारे मी कोणत्याही उबदार खोलीच्या बदल्यात दिले नसते.

रस्त्यांचे म्हणाल, तर मागण्यांसाठी महामार्ग रोखण्याची तेथे जुनी रीत आहे. आमची बसही अशीच अडकली. पुढे दगडांची रांग आणि मागे ट्रकची रांग, अशा स्थितीत शेजारच्या आजींनी गाठोडे सोडून उकडलेले बटाटे व चीज आमच्यापुढे धरले. आम्हाला स्पॅनिश जेमतेम येत होते आणि त्या बहुधा आयमारा बोलत होत्या, तरी आग्रहात कुठे कमी पडल्या नाहीत. तितिकाका सरोवराकडे जाताना तिकिना येथे प्रवाशांना उतरवून छोट्या बोटीतून पलीकडे नेतात आणि बस लाकडी तराफ्यावरून हेलकावत वेगळी येते. आपले सामान असे पाण्यावर डुलताना पाहून काळजाचा ठोका चुकतो, पण त्या निळ्या पाण्यावरून नजरही हटत नाही. ला पाझमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या केबल कारमधून घरांच्या गच्च्यांवरून अलगद खाली उतरणे हा तर मला त्या शहरातला सर्वांत मोठा आनंद वाटला.

पोतोसी या शहराजवळच्या जुन्या चांदीच्या खाणींत पर्यटकांना नेणाऱ्या सहलींचे वर्णन ‘थरारक अनुभव’ म्हणून छापू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तेथे आजही माणसे धुळीत राबून फुप्फुसांचे आजार ओढवून घेतात. त्यांच्या कष्टांचे प्रदर्शन व्हावे हे मला पटले नाही, म्हणून आम्ही आत गेलो नाही.

अशा प्रत्येक लेखासोबत मुक्कामाच्या ठिकाणांची उंची, ती चढण्याचा क्रम, योग्य ऋतू आणि आवश्यक लसी यांची चौकट द्यावी. उंचीवरच्या औषधांबाबत निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला तर विलंब न करता खाली उतरावे, हेही त्यात असावे. बोलिव्हियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनीच ग्राह्य धरले जाते, त्यामुळे हे काम निघण्याच्या आठवड्यावर ढकलता येत नाही.

आपली,
एक नियमित वाचक