ऋता, त्या काढ्याबद्दल

वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

'वैद्यांचा काढा घेऊ का?' हा तुझा मेसेज वाचला तेव्हाच फोन करणार होते. पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर, आणि भोवती सासूबाई, नणंद, शेजारच्या काकू. म्हणून सावकाश लिहिते. वाचून झालं की पुसून टाक, मला राग येणार नाही.

आधी मनातली एक गोष्ट काढून टाक. तुला खाली हर्पिस, म्हणजे संबंधांतून पसरणारा फोडांचा आजार, झाला म्हणजे निखिलने काही केलं किंवा तू काही लपवलंस, असा अर्थ होत नाही. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, आणि ज्यांना तो असतो त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांच्या अंगात हर्पिसचा दुसरा प्रकार होता. शिवाय ओठांवर उठतो तो पहिला प्रकारही खाली होतो. त्यामुळे 'कुणाकडून कुणाला' हा तपास घरी बसून लागणारा नाही. त्या वादात पडू नका.

दुसरं, काकू म्हणतात ती नागीण ही नव्हे. नागीण कांजिण्यांच्या विषाणूने होते, तो वेगळा. तेव्हा गेरूचा लेप आणि मंत्र घालणाऱ्या बाईंचा पत्ता, दोन्ही नकोत.

आता तुझा खरा प्रश्न. ताईने, म्हणजे तुझ्या आईने, शोधलेले वैद्य म्हणतात, 'तीन महिने काढा घ्या, मुळापासून जाईल.' ऋता, फोड बरे झाले तरी हा विषाणू कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. तिथून त्याला हुसकावणारं औषध आज कुणाकडेच नाही. मी ज्या फार्मसीत रोज उभी असते तिथल्या कपाटातही नाही. मुळापासून घालवतो म्हणणारा माणूस वैद्य असो, डॉक्टर असो, इथेच त्याची परीक्षा झाली. लिंगसांसर्गिक रोगांवरच्या रामबाण औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी एसटी स्टँडच्या भिंती कशा रंगलेल्या असतात ते तूही बघतेस.

मग लोकांना गुण येतो तो कसा? पहिला झटका सगळ्यात वाईट असतो. पुढचे सौम्य असतात आणि बहुतेक वेळा काही न करताही आठवडा-दहा दिवसांत भरून येतात. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षी साधारण चारेक वेळा फोड उठतात, पुढे ते प्रमाण आपोआप कमी होत जातं. पहिल्या झटक्यानंतर काढा सुरू केलेल्या कुणालाही वर्षभरात वाटणारच की काढ्याने केलं. यातून खरं-खोटं वेगळं करायचं तर एकच उपाय: अर्ध्या लोकांना औषध द्यायचं, अर्ध्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं काहीतरी, आणि मोजायचं.

असं थोडंफार मोजलेलं आहे. सगळ्यात बोलकं काम मधमाश्यांच्या प्रोपोलिसवर झालंय. पोळ्याच्या फटी बुजवायला माश्या जो चिकट डिंकासारखा पदार्थ वापरतात, तो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुन्हा पुन्हा फोड उठणारे ९० जण होते, तीस-तीसच्या तीन गटांत. एका गटाला प्रोपोलिसचं मलम, दुसऱ्याला असायक्लोविर या हर्पिसवरच्या नेहमीच्या औषधाचं मलम, तिसऱ्याला नुसतंच मलम. दहाव्या दिवशी बरे झालेले अनुक्रमे २४, १४ आणि १२. वाचून मीही भुवया उंचावल्या होत्या. पण नीट बघ. तुलना असायक्लोविरच्या मलमाशी आहे, गोळीशी नाही, आणि ते मलम खालच्या फोडांवर फारसं चालत नाही हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक आहे. इथेही ते वापरू नका असंच सांगतात. गट तीस-तीसचे. आणि तो तिसरा आकडा बघ: नुसतं मलम लावून तीसपैकी बारा जण बरे झाले! तुझ्या वैद्यांना दुवा देणारे पेशंट हेच.

कोरफडीचंही तसंच. तिच्या अर्ध्या टक्क्याच्या क्रीमने फोड लवकर भरले असा एक अभ्यास आहे, सरासरी पाचेक दिवसांत, आणि साध्या क्रीमने बारा दिवसांत. आकडे छान आहेत, पण माणसं साठ, आणि सगळे पुरुष. तुझ्यासाठी त्यातून किती घ्यायचं ते तूच ठरव. अंगणातली कोरफड कापून लावणार असशील तर तो पिवळा चीक धुऊन टाक, त्याने आग होते. थंडावा वाटतो म्हणून गर लाव, माझी ना नाही. औषध म्हणून मात्र लावू नकोस. लसूण ठेचून लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकूही नकोस, कच्च्या लसणाने कातडी भाजते.

इथल्या दुकानांत एकिनेशिया नावाच्या जांभळ्या फुलाच्या गोळ्यांच्या रांगा असतात. इंग्लंडमध्ये पन्नास जणांना सहा महिने त्याच्या गोळ्या आणि सहा महिने बिनऔषधाच्या देऊन पाहिलं. फरक काहीच नाही. लायसिन या प्रथिनांतल्या घटकाच्या गोळ्या तुझ्या मैत्रिणीने सांगितल्यात, त्यावरचे बहुतेक अभ्यास ओठांवरच्या फोडांचे, आणि २०१५ मध्ये ते सगळे एकत्र तपासले तेव्हा फोड टाळायला त्यांचा उपयोग दिसला नाही.

कडुनिंब आणि ज्येष्ठमध यांना मी वेगळं ठेवते, कारण त्यांच्याबद्दल सांगितलं जातं ते पूर्ण खोटं नाही. कडुनिंबाच्या सालीचा अर्क हर्पिसच्या विषाणूला पेशीत शिरू देत नाही, हे शिकागोच्या प्रयोगशाळेत दिसलंय. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिक आम्ल विषाणू निकामी करतं, हे तर १९७९ पासून माहीत आहे. पण हे सगळं काचेच्या बशीत. बशीतला विषाणू मारणं फार सोपं असतं, साबणानेही तो मरतो. पुण्याच्या 'नारी' या एड्स-संशोधन संस्थेत कडुनिंबाच्या 'प्रनीम' या योनीत ठेवायच्या गोळीची पहिली चाचणी झाली होती, पण ती गोळी सुरक्षित आहे का एवढंच पाहणारी. हर्पिस बरा होतो का, हे पाहणारी नव्हे. आणि ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. खोकल्याला आजी तोंडात कांडी द्यायची ते वेगळं.

काढ्यापेक्षा मला भीती आहे ती त्यासोबतच्या पुडीची. तू लिहिलंस, राखेसारखी करडी पावडर आहे आणि पुडीवर काहीच छापलेलं नाही. आमच्या या बॉस्टन भागातल्या भारतीय दुकानांतून आयुर्वेदिक औषधं विकत घेऊन तपासली होती. २००४ मध्ये निकाल छापून आला. सत्तरपैकी चौदांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. तुम्ही दोघं बाळाचा विचार करताय. पोटातल्या बाळाला शिसं किती वाईट हे तुला सांगायला नको. ती पुडी आजच बंद कर. पैसे गेले तर गेले.

आता गोळ्या. असायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविर. विषाणू मारून टाकत नाहीत, पण त्याची वाढ रोखतात. फोड उठायच्या आधी मुंग्या येतात, आग होते, तेव्हाच घेतल्या तर झटका आटोपतो. वारंवार उठत असतील तर रोज घेता येतात. २००४ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात १४८४ जोडपी होती, एकाला हर्पिस, दुसऱ्याला नाही. बाधिताने रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोविर घेतलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. निखिलसाठी याहून भक्कम काही माझ्याकडे नाही. सोबत कंडोम, आणि फोड असताना दूर राहणं.

सिव्हिलमध्ये 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे याच आजारासाठी असायक्लोविरचं लाल किट फुकट मिळतं, आणि तिथे बसणाऱ्यांनी असे पेशंट रोज पाहिलेले असतात. कराडात ओळखीचं कुणी दिसेल अशी धास्ती असेल तर साताऱ्याला जा. तीन गोष्टी विचार: निदान नुसतं बघून केलंय की फोडातलं पाणी तपासून, दोघांची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करायची का, आणि दिवस राहिले तर गोळ्या कधी सुरू करायच्या. इथे साधारण छत्तिसाव्या आठवड्यापासून देतात. जुनी लागण असेल तर बाळाला धोका फार कमी असतो; शेवटच्या महिन्यांत नव्याने झाली तरच मोठी काळजी. तेव्हा बाळंतपणाच्या डॉक्टरांपासून हे लपवू नकोस.

ताईशी मी बोलते. तिला आजाराचं नाव सांगायचं की नाही ते तू ठरव. मी 'त्वचेचं काहीतरी आहे, इंग्रजी औषध चालू आहे' एवढंच म्हणेन. क्लिनिकमधून आलीस की चिठ्ठीचा फोटो पाठव, डोस मी बघते.

तुझी,
मंजूमावशी