नव्या एसीचे पाणी आणि देवघरामागची ओल

पुणे, २२ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले होते, त्यामुळे एसीबद्दल नीट बोलणे झालेच नाही. निघताना आई, तू हळूच म्हणालीस, “भिंत खराब होते आहे, आता बंदच ठेवतो.” बाबांच्या दम्यासाठी मे महिन्यात बसवलेले यंत्र बंद ठेवून तुम्ही दोघांनी दमट खोलीत झोपावे, हे मला मुळीच पटत नाही, आणि भिंतीवर धरलेली बुरशी दम्याला आणखी वाईट. चार दिवसांत मी जे पाहिले, ते फोनवर तुटक सांगण्यापेक्षा लिहून पाठवते.

बाबा, यातले मर्म तुम्हाला लगेच कळेल. आपल्या छापखान्यात आषाढात कागद ओल धरून फुगायचा आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसायचा नाही. ब्रुकलिनमधल्या एका छापखान्याला १९०२ साली हीच अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने जी यंत्रणा आखली, तिच्यापासूनच आजच्या एसीची सुरुवात मानतात. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तशी आतल्या थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते. रत्नागिरीच्या पावसाळी हवेत असे पाणी तासाला लिटरभर सहज निघते. म्हणून पाणी निघण्यात काही बिघाड नाही. ते बाहेर न जाता घरात राहते, हा बिघाड आहे.

विसर्जनाच्या आदल्या दुपारी मी मागच्या पडवीत ड्रेन पाइपखाली बादली ठेवली होती. तासाभरात पेलाभरही पाणी आले नाही, आणि त्याच वेळी आत उशाशी थेंब पडत होते. पुढचे झाकण उघडून, जाळी काढून कॉइलवर टॉर्च मारला, तर बर्फ कुठेही नव्हता. हे महत्त्वाचे आहे, कारण गॅस कमी असला किंवा जाळी धुळीने बंद झाली असली तर कॉइलवर बर्फ धरतो आणि यंत्र बंद केल्यावर तो वितळून पाणी गळते. तेव्हा मेकॅनिक “गॅस भरावा लागेल” म्हणाला, तर लगेच होकार देऊ नका. गॅस बंद नळीत फिरत असतो, वापरून संपत नाही. नव्या यंत्रात तो खरोखर कमी असेल, तर आधी गळती कुठे आहे हे त्याने दाखवावे. नंतर मी बाबांची जुनी पाणसळ युनिटवर धरली. बुडबुडा उजवीकडे गेला, म्हणजे ज्या बाजूने पाइप निघतो तीच बाजू उंच राहिली आहे. शिवाय पडवीच्या वाशावरून नेताना तो पाइप मध्येच वर चढवला आहे, आणि पाणी चढावर आपणहून जात नाही. युनिट पाइपच्या बाजूला किंचित उतरते करणे आणि पाइपला शेवटपर्यंत सलग उतार देणे, एवढे काम आहे.

देवघरामागच्या भिंतीवरचा डाग निराळा आहे. तिथे जांभ्याच्या भिंतीतून तांब्याच्या नळ्या नेल्या आहेत. त्यांवरचे काळे फोम भोकात ओढताना फाटले असावे, म्हणून उघड्या नळीला घाम सुटतो आणि जांभा तो शोषून घेतो. भोक बाहेरून बुजवलेलेही नाही, त्यामुळे पश्चिमेचा पाऊस थेट आत येतो. फोम नव्याने गुंडाळून, भोक बाहेरच्या बाजूला उतरते करून ते घट्ट बुजवून घ्यावे. आणि भिंत पुरती वाळेपर्यंत नवा रंग मुळीच लावू नये, नाहीतर पापुद्रे सुटतील.

राहिला खोलीतला चिकटपणा. दहा बाय अकराच्या खोलीला एक टन पुरला असता. दुकानदाराने दीड टनाचा दिला. तो खोली चटकन गार करून थांबतो आणि हवेतली ओल काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. ते आता बदलता येणार नाही, पण वापर बदलता येईल. बाबा, तुम्ही १८ अंशांवर खोली गार करता आणि मग वीज वाचावी म्हणून नुसत्या पंख्याच्या मोडवर ठेवता. तेव्हा ओल्या कॉइलवरचे पाणी पुन्हा खोलीतच पसरते. आई, तू कोंदट वाटते म्हणून खिडकी किलकिली ठेवतेस, पण २८ अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवा २५ अंशांच्या भिंतीवरसुद्धा पाणी सोडते, मग १८ अंशांपर्यंत गार केलेल्या खोलीचे काय सांगावे! खिडकी सकाळी यंत्र बंद झाल्यावर उघड. पाऊस थांबेपर्यंत रात्री रिमोटवरचा थेंबाच्या खुणेचा मोड लावा, तापमान २६ ठेवा, छताचा पंखा हळू चालू द्या. आणि त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नकोस. पातळे आणि चादरी मिळून लिटर-दोन लिटर पाणी हवेत सोडतात. माजघरातली दोरी त्यासाठी पुरे आहे.

कुरिअरने एक छोटा आर्द्रतामापक पाठवला आहे. तो खिडकीपासून दूर ठेवून रोज रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर आकडा कॅलेंडरवर लिहा. सकाळचा आकडा ६० च्या खाली राहू लागला, की वापर बरोबर चालला आहे असे समजा.

मेकॅनिक शनिवारी अकरा वाजता येईल. वॉरंटीचा कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. बाबांनी स्वतः स्टुलावर चढू नये, ही कळकळीची विनंती. काम झाल्यावर त्याला युनिटच्या ताटलीत तांब्याभर पाणी ओतायला सांगा. ते पडवीतल्या बादलीत उतरलेले तुम्ही पाहिल्यावरच सही करा. मी त्या वेळी फोनजवळ असेन.

तुमची,
सुलभा