माडीवर राहिलेली तबकडी

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू न्यूयॉर्कला परत गेल्यानंतर माडी आवरताना प्लेअरवर तुझी ‘इलमॅटिक’ची तबकडी, त्या नाझ नावाच्या अमेरिकन रॅपरची, तशीच राहिलेली दिसली. सगळ्या रजेत तू दार लावून हीच एक तबकडी ऐकत होतास आणि जेवायला खाली आलास की ‘काही नाही, बाबा’ एवढेच बोलत होतास. तुझा मित्र गेल्याचे आम्हाला त्याच्या आईकडून कळले. ही तक्रार नव्हे. तुला रात्री झोप लागते का, एवढेच विचारायला हे पत्र लिहायला घेतले.

नानांच्या तबकड्या ज्या मऊ फडक्याने पुसतो त्यानेच ती पुसली आणि पिन टेकवली, तर आधी आगगाडीचा खडखडाट ऐकू आला. शब्द माझ्या हाती लागायला वेळ लागला. परंतु दुसऱ्या गाण्यात संगीत रचणाऱ्या डीजे प्रीमियरने पियानोचा इवलासा तुकडा सतत फिरता ठेवला आहे आणि त्यावर हा नाझ कुठूनही निघाला, वाक्य कितीही लांबवले, तरी जिथे पोचायचे तिथे बिनचूक पोचतो, हे माझ्यासारख्या ठेक्यावर वाढलेल्या माणसाला लगेच कळले. एप्रिल १९९४ मध्ये ही तबकडी आली तेव्हा नाझ अवघा २० वर्षांचा होता. शाळा त्याने आठवीतच सोडलेली होती, हे मात्र मला अजून पचत नाही.

नंतर मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचले. तो वाढला ती क्वीन्सब्रिज ही न्यूयॉर्कमधली पुलाच्या पायथ्याची सरकारी वसाहत, १९३९ पासूनची, ९६ इमारतींची. तिथला त्याचा शेजारी विली ग्रॅहम, ज्याने त्याला या संगीताची गोडी लावली, तो १९९२ मध्ये गोळीबारात मारला गेला. त्याच वेळी नाझच्या धाकट्या भावालाही गोळी लागली, तो वाचला. हे वाचले आणि तू दार का लावून बसलास ते मला थोडेसे उमगले. पण बाळ, त्या मुलाने आपला मित्र असा मनात कोंडून ठेवला नाही. दुसऱ्या बाजूवरच्या ‘वन लव्ह’मध्ये तर तो तुरुंगातल्या मित्रांना पत्रेच लिहितो, बाहेर काय चालले आहे, कोणाच्या घरी काय झाले, सगळे सविस्तर सांगतो. तू कोणाला काय सांगतोस? तिथे तुझ्याजवळ बसणारे कोणी आहे का? वेळेवर जेवावे, रात्री फोन लांब ठेवावा, ऑफिसातून सुटी मागायला संकोच करू नये, आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. पुन्हा उपदेश सुरू झाला, रागावू नकोस. झोपेचे विचारायचे आणि थांबायचे, असे ठरवूनच बसलो होतो.

पहिल्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात मी अडकून पडलो आहे. पाहुणा रॅपर एझी आणि नाझ आपापले म्हणून संपवतात आणि शेवटी कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखी छोटी तुतारी, वाजू लागते. ती वाजवणारे ओलू दारा म्हणजे नाझचे वडील. आई-वडील वेगळे झाले तेव्हा नाझ लहान होता, आणि तरीही मुलाच्या पहिल्याच तबकडीवर हे वडील आले, एक शब्दही न बोलता तेवढे वाजवून गेले. गाणे मात्र मुलाचेच राहिले. वेष्टनावर लहानग्या नाझचा जो चेहरा इमारतींच्या चित्रावर उमटवला आहे, तो फोटोही त्यांनीच काढलेला. मी ते वेष्टन तुझ्या आईला दाखवले, तर ती म्हणाली, नाना गेले तेव्हा हा असाच दिसत होता.

खरेच, तेव्हाही तू रडला नाहीस. सगळे घाटावर गेले असताना तू नानांच्या तबकड्या जमिनीवर मांडून एकेकीचे नाव मोठ्याने वाचत होतास, आणि अक्का तुला मध्येच उठवायला गेली तेव्हा तिला म्हणालास, नानांना क्रम चुकलेला आवडत नाही. तेराव्यापर्यंत रोज मांडल्यास. मला त्या वेळी तुझा केवढा अभिमान वाटला होता! आता तेच आठवले की छातीत धस्स होते, कारण तेव्हा तू आमच्या डोळ्यांसमोर होतास.

मला वाजवता येत नाही, आणि तुझ्याशी गप्प बसून बोलण्याची सोय या अंतरावर नाही, म्हणून हे लिहिले. तबकडी पाठवत नाही. पुढच्या खेपेला इथेच ऐकू, या वेळी दार उघडे ठेवून. रविवारी फोन कर. तुझा मित्र कसा होता ते मला सांग. तो जेवायला आला होता तेव्हा आमटी दोनदा मागून घेतली होती, त्यापलीकडे मला त्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही. आणि झोप लागते की नाही, ते आईला खरे सांग.

तुझे,
बाबा