पिस्टनवरचा ‘५०’

कोल्हापूर,
रविवार, रात्र

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गाडी दिवाळीपर्यंत रस्त्यावर येईल असे मी तुला छातीठोकपणे सांगितले होते, ते शब्द आता मागे घेतो. आपल्या यामाहा आर.एक्स. १०० मोटारसायकलच्या चौकटीत बसलेले इंजिन आर.एक्स. १००चे नाही. या निष्कर्षापर्यंत मी कसा आलो ते तुला सविस्तर लिहितो, कारण या पत्राच्या शेवटी तुझ्याकडे एक काम आहे आणि ते करताना तुला हा सगळा तपशील लागेल.

आर.सी. पुस्तकाप्रमाणे गाडी १९९१ची. पहिल्या पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्ये संपली आणि त्यानंतर तिचे री-पासिंग, म्हणजे नोंदणीचे नूतनीकरण, झालेच नाही, ती गोठ्यात पडून राहिली. हँडलखालच्या नळीवरचा चेसिस नंबर मी कागद ठेवून पेन्सिलीने उतरवून घेतला, तो पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळला. इंजिनाचा नंबर मात्र तेलकट मळाखाली आणि कोणीतरी मारलेल्या चंदेरी रंगाखाली दडलेला होता. तारेच्या ब्रशने घासण्याचा मोह झाला होता, परंतु ॲल्युमिनियमवरची पंचाची खूण त्याने पुसट होते, म्हणून आधी रॉकेल, मग थिनर आणि जुना दात घासण्याचा ब्रश यांनी तासभर खपलो. नंतर खोलीतला दिवा मालवून बॅटरीचा झोत बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला, तेव्हा अंक सावलीनिशी वर आले.

पुस्तकात इंजिन नंबराची सुरुवात ‘३६एल’ अशी आहे, क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ओतीव पेटीवर, सुरुवातच निराळी निघाली. कारकुनाच्या हातून चूक झाली असेल ही माझी पहिली समजूत, आणि ती अगदीच भाबडी नव्हती, कारण हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत तीनाचा आठ होणे किंवा एखादा अंक गळणे ही नित्याची गोष्ट आहे. पण अशा चुकीत एखाददुसरा अंक फिरतो, संपूर्ण नंबर बदलत नाही. शिवाय नंबर कोणी घासून नव्याने ठोकलाय का, तेही भिंगाने पाहिले. अंकांची खोली आणि ओळ एकसारखी होती, भोवतालचा ओतकामाचा खरखरीतपणा शाबूत होता. म्हणजे नंबर अस्सल होता, मात्र दुसऱ्या कोणत्यातरी गाडीचा.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने अत्यंत आत्मविश्वासाने सांगितले की, “हेड काढून बघा, पिस्टनवर ५० लिहिलेले आहे, ५० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे शंभरच.” बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, काढले, आणि पिस्टनच्या माथ्यावर खरोखरच ५० कोरलेले होते! क्षणभर मला हायसे वाटले, हे तुझ्यापासून लपवत नाही.

आता इथे जरा थांबून हिशेब कर. शंभरचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ५०, त्यावरून घनफळ येते ९८ सीसी. तिची थोरली बहीण आर.एक्स. १३५, तिचा स्ट्रोकही ५०च आहे, केवळ बोअर ५८ आहे, म्हणून तिचे घनफळ १३२ सीसी भरते. त्यामुळे स्ट्रोक मोजून या दोघींत काडीचाही फरक कळत नाही. मी तो आधी मोजला आणि ५० आल्यावर उगाच खूश झालो, हा माझा दुसरा मूर्खपणा. खरा निवाडा बोअरचाच. शिवाजी उद्यमनगरात आपल्या ओळखीच्या लेथवाल्यांकडे सिलिंडरचा ब्लॉक नेला, त्यांनी डायल गेज आत फिरवला आणि माझ्याकडे न बघताच आकडा सांगितला : ५८.५. पिस्टनवरचा तो ५० म्हणजे बोअरचे माप नव्हतेच, तो अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज होता. ब्लॉक झिजला की बोअर मारून पाव-पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन घालतात आणि माथ्यावर २५, ५०, ७५ असे आकडे येतात, ते कोणाच्या ध्यानात होते? ५० मिलिमीटरचा ब्लॉक कितीही वेळा बोअर केला तरी साडेआठ मिलिमीटर वाढत नाही, त्याआधीच स्लीव्हची, म्हणजे ब्लॉकमधल्या लोखंडी नळीची, भिंत संपते.

तरीही शंका उरली की, फक्त ब्लॉक बदललेला असेल तर? म्हणून इंजिन टेबलावर ठेवून एका हाताने पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, फिरवत दुसऱ्या हाताने गिअर टाकत गेलो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि पाचवा. शंभरला चारच गिअर होते, १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबेपर्यंत चारच राहिले. पाच गिअरची पेटी असलेले हे क्रँककेस वरपासून खालपर्यंत १३५चेच आहे. कार्ब्युरेटर, सायलेन्सर, झाकणे यांवरून मी काहीच ठरवले नाही, कारण ती कोणीही अर्ध्या तासात बदलू शकतो.

आमच्या गल्लीतल्या एका सद्गृहस्थाने, पुस्तकातला नंबर या केसवर “बेमालूम ठोकून” देण्याची तयारी दाखवली. त्यांना चहा पाजून वाटेला लावले. तो सरळसरळ गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते, आणि ती मागताना या इंजिनाचे बिल कुठून आणणार? ते चोरीच्या गाडीचे नसल्याची खात्रीही आधी करावी लागेल.

मग पुस्तकावर नाव असलेल्या इचलकरंजीच्या मालकांना जाऊन भेटलो. वृद्ध आहेत, परंतु स्मरण लख्ख आहे. तेलाचा पंप बिघडल्याने इंजिन जॅम झाले, मिस्त्रींनी “जास्त ताकदीचे” दुसरे बसवून दिले आणि जुने खोलून स्वतःकडेच ठेवून घेतले, असे ते म्हणाले. ते मिस्त्री आता चिंचवडला मुलाकडे असतात. जुने सुटे भाग कधी फेकत नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे म्हणे.

तर काम हे. निगडीहून तुला ते जवळ आहे, पत्ता वेगळ्या चिठ्ठीत देतो. मला ब्लॉक नको, पिस्टन नको, गिअरही नकोत. ते सगळे बाजारात मिळते आणि त्यांवर नंबर नसतो. मला हवे आहे फक्त ‘३६एल’चे ते रिकामे क्रँककेस. ते मिळाले तर त्यावर पुन्हा शंभरचे इंजिन उभे करता येईल, आणि पुस्तक व गाडी एकमेकांशी खरे बोलू लागतील. पुस्तकातला नंबर त्या चिठ्ठीतच लिहिला आहे. केस दिसले तर उत्साहाच्या भरात घासू नकोस. झोत बाजूने धर, आधी फोटो काढ आणि मगच किमतीचे बोल. मिस्त्रींना पान आवडते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
हात अजून तेलकट असलेला मित्र