वायफाय चालू, पण लाइटबिलाची साइट उघडेना

प्रिय आई-बाबा,

काल फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात आहे. बाबा, तुम्ही म्हणालात ना "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल", तर अजिबात नाही, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाहीये.

आईचं व्हॉट्सअॅप चालतंय, यूट्यूबवर भजनं लागतायत, फक्त लाइटबिलाची आणि पेन्शनची साइट नुसती गोल फिरत बसते, आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट लगेच उघडली. म्हणजे फोन ठीक, साइट पण ठीक, बहुतेक डीएनएसची गडबड आहे. आपण साइटचं नाव टाकतो पण नेटला लागतो तिचा नंबर, तो शोधून देतं ते डीएनएस. मावशीचा जुना नंबर तुमच्या लाल डायरीत राहिला होता आणि आपण दोन दिवस तोच फिरवत बसलो होतो, आठवतं? फोन चांगलाच होता, डायरी चुकीची होती. तसंच हे.

आधी राउटरचं बटण बंद करा, अर्ध्या मिनिटाने चालू करा, दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. तरी नाही उघडलं तर बाबांच्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग कनेक्शन्स, खाली मोअर कनेक्शन सेटिंग्ज, त्यात प्रायव्हेट डीएनएस. तिथे सगळ्यात खालचा पर्याय निवडून इंग्रजीत डीएनएस, मग टिंब, मग गूगल (dns.google) असं लिहायचं, सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा सोडायची नाही, आणि सेव्ह. फोनच्या कीबोर्डवर पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं, तेवढं आईने चष्मा लावून बघावं. यानंतर नेटच बंद पडलं तर घाबरू नका, तिथेच परत ऑटोमॅटिक करायचं, आधी होतं तसं होईल.

आणि बाबा, एक कळकळीने सांगते, गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका. या कामाला ओटीपी लागत नाही, पैसे लागत नाहीत, स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला कोणी सांगितलं तर सरळ फोन ठेवा. नेटवाल्याचा खरा नंबर त्याच्या बिलावर आहे.

लॅपटॉपसाठी राउटरमध्ये बदल करायचाय, ते मी गणपतीत आले की करते, तुम्ही त्यात हात घालू नका. रविवारी अकराला व्हिडिओ कॉल करते, आईच्या फोनवर, म्हणजे बाबांचा फोन सेटिंगला मोकळा राहील. बिलाची तारीख जवळ आली असेल तर लाइटबिलावरचा ग्राहक नंबर पाठवा, मी इथून भरते.

तुमची,
ताई